दूर चाललेल्या चंद्राचे मास्तर

निखिल, गेल्या पत्रात तू विचारलंस, चंद्र पृथ्वीपासून दूर चालला आहे हे आजीला माहीत आहे का. तुला शाळेत ते नुकतंच शिकवलं, आणि पुढे कधीतरी खग्रास सूर्यग्रहण दिसणारच नाही हे ऐकून अदिती रडली म्हणे. तिला सांग, घाई नाही. तुमच्याकडच्या लोकांनी चंद्रावर आरसे ठेवून मोजलं, तेव्हा तो वर्षाला जेमतेम दीड इंच सरकतो असं निघालं. म्हणजे माझ्या जन्मापासून आजवर तो साधारण एका खोलीच्या उंचीइतका लांब गेला. एवढ्यानं काही बिघडत नाही.

पण मला हे तुझ्याच वयात ठाऊक होतं. रत्नागिरीच्या खालच्या आळीत, आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या लिमये मास्तरांनी ते आम्हाला दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणानं दाखवलं होतं. तुझ्या पत्रामुळे त्यांची आठवण झाली. त्यांच्याबद्दल मी तुमच्या बाबाला कधी नीट सांगितलं नाही, आता तुम्हा दोघांना सांगते.

मास्तर हायस्कुलात गणित आणि शास्त्र शिकवत. उंच, किंचित वाकलेले, खडू कानावर ठेवायची सवय, त्यामुळे त्यांचा उजवा कान सदा पांढरा. कोणीही काही ठामपणे बोललं की ते तीर्थ घ्यायला करावा तसा हात पुढे करत आणि म्हणत, "पुरावा ठेव इथं." वर्गात, वाचनालयात, बाजारात, कुठेही. आंबे विकणारी म्हणाली, "गोड हाईत," की हात पुढे. एकदा जेवताना ते म्हणाले, आमटीत मीठ नाही. त्यांची बायको, यमुनाकाकू, ताटाशीच उभी होती. तिनं तोच हात धरून त्यावर चिमूटभर मीठ ठेवलं आणि भात वाढायला वळली. ही गोष्ट मास्तर स्वतःच हसत सांगत.

संध्याकाळी त्यांच्या पडवीत आम्ही चार-पाच मुली शिकायला जात असू. तेव्हा मुलींना गणित शिकवायचं म्हणजे लोक हसत. मास्तर फी घेत नसत आणि हसणाऱ्यांना उत्तरही देत नसत. त्यांची एकुलती एक मुलगी दुर्गाताई त्यांच्या मदतीला असे. ती तेव्हा पंचविशीची होती आणि तिचं लग्न झालेलं नव्हतं. तिचा वरचा ओठ जन्मापासून मधोमध दुभंगलेला होता. आता डॉक्टर तो लहानपणीच शिवून देतात. तेव्हा आमच्याकडे ती सोय कुणाला माहीतही नव्हती. आमच्याकडे अशा मुलाला लोक ग्रहण लागलेलं म्हणत. पोटुशी बाई ग्रहणात बाहेर आली, किंवा तिनं विळी-सुरी हातात घेतली, की मूल असं होतं, अशी समजूत. दुर्गाताईचं बोलणं थोडं नाकातून येई, पण तिखट. आकृत्या मात्र ती अशा काढी की मास्तर फळा पुसायला तयार नसत.

झाकणाचा प्रयोग असा. मास्तरांनी पुठ्ठ्याला ताटाएवढं गोल भोक पाडून मागे कंदील ठेवला. तो सूर्य. मला स्टुलावर बसवून एक डोळा मिटायला लावला. दुर्गाताईनं दुधाचं झाकण माझ्या डोळ्यासमोर धरलं. तो चंद्र. सूर्य पार झाकला गेला.

"काय दिसतं?" मास्तर म्हणाले.

"काही नाही."

"खग्रास. दुर्गे, एक पाऊल मागे."

ती कंदिलाकडे एकेक पाऊल सरकत गेली. झाकण लहान लहान होत गेलं आणि एकाएकी त्याच्याभोवती उजेडाची बारीक कड उमटली.

"बांगडी!" मी ओरडले.

"कंकण. चंद्र असाच लांब चाललाय. एक दिवस तो इतका लहान दिसेल की सूर्य त्याच्यामागे मावणार नाही. मग पृथ्वीवर खग्रास ग्रहण नाही. फक्त कंकण."

"कधी हो मास्तर?" माझी मैत्रीण इंदू घाबरून म्हणाली.

"कोट्यवधी वर्षांनी."

"मग आत्ताच कशाला सांगता? मला वाटलं परीक्षेच्या आधी."

तो का लांब जातो तेही त्यांनी सांगितलं. भाट्याच्या खाडीत रोज दोनदा भरती येते ती चंद्रामुळे. फिरत्या चाकावर तळवा दाबून धरला तर चाक मंदावतं, तसं ते भरतीचं पाणी पृथ्वीचं फिरणं किंचित मंदावतं. पृथ्वी जे गमावते ते चंद्राला मिळतं, आणि तो बाहेर सरकतो. "म्हणजे आपल्या खाडीचं पाणीसुद्धा त्याला ढकलतंय," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून मी खाडीकडे जरा आदरानं बघू लागले.

मास्तरांची गावात ख्याती होती ती वेगळ्याच कारणानं. माझ्या जन्माच्या आधी विजयदुर्गाच्या बाजूला खग्रास ग्रहण दिसलं होतं. विलायतेहून साहेब लोक दुर्बिणी घेऊन किल्ल्यावर आले होते. मास्तरांचं गाव तिथून जवळच. नुकतेच मॅट्रिक झालेले मास्तर एका साहेबाच्या हाताखाली कामाला होते. 'खग्रास पाहिलेला माणूस' म्हणून वाचनालयात दरवर्षी त्यांचं व्याख्यान होई. चंद्र दूर चालल्याचं सांगून झालं की शेवटी ते त्या दोन मिनिटांचं वर्णन करत. ते ऐकायला बायका मागच्या सतरंजीवर दाटीवाटीनं बसत. "तवा चुलीवरून उतरवून उभा धरावा, असा काळाभोर सूर्य. आणि त्याच्या कडेनं तांदळाची पिठी उधळल्यासारखा उजेड. दूध उतू जायच्या आधी साय कशी हलते, तसा तो हलत होता." बायका माना डोलवत. पुरुषमाणूस असून मास्तर आपल्या भाषेत बोलतात, असं आई म्हणायची.

एका व्याख्यानाला मिरकरवाड्याच्या कोळ्यांतले दोन तांडेल आले होते. चंद्राचं ऐकून एकजण उठला. "मास्तर, चांद लांब गेला तर भरती कमी व्हायची?"

"हो. अगदी हळूहळू."

"मग म्हावरं?"

"तेवढं मला सांगता येणार नाही."

"मग काय उपेग तुमच्या शिकल्याचा!" सगळी सभा हसली, मास्तर सगळ्यांत जास्त.

पण त्याच सभेत पुढच्या रांगेतले एक वकील उठले. अंगावर शाल, आवाज गोड. "मास्तर, ग्रहणाचा माणसावर परिणाम होत नाही म्हणता. क्षमा करा, पण आपल्या स्वतःच्या घरात..." आणि पुढचं त्यांनी हातानंच हवेत सोडून दिलं.

दुर्गाताई माझ्या शेजारी बसली होती. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आला माझा नंबर."

मास्तरांचं उत्तर तयारच होतं. दरवर्षी कोणी ना कोणी विचारायचंच. "माझी मुलगी त्या ग्रहणाच्या वेळी आईच्या पोटात होती. आणि तिची आई त्या दिवशी आमच्या घरी माजघरात दार लावून बसली होती. तिनं सूर्य पाहिला नाही, विळी हातात घेतली नाही, सगळं शास्त्र पाळलं. तरी मुलगी अशी झाली. मग ग्रहणाचा संबंध कुठे आला? हा पुरावा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कितीतरी माना मागे वळल्या, पुरावा बघायला. दुर्गाताई ताठ बसून राहिली. मला तेव्हा नीट कळलं नाही, पण तिच्या शेजारी बसायची मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा लाज वाटली.

सव्वीस सालच्या संक्रांतीलाच सूर्यग्रहण आलं. आमच्याकडे दिसणार होतं ते थोडंसंच, सूर्याचा खालून एक घास. मास्तरांनी आठ दिवस आधीपासून काचांना काजळी धरायला सुरुवात केली. त्यांच्या अंगणात आम्ही मुलींनी जमायचं ठरलं.

माझी वहिनी तेव्हा पोटुशी होती, पाचवा महिना. मास्तरांची व्याख्यानं तिनं एकही चुकवली नव्हती. आईनं तिला सांगितलं होतं, ग्रहण सुटेपर्यंत खोलीत पडून राहायचं, सुई-कातरीला हात लावायचा नाही. वहिनी म्हणाली, "मला बघायचंय." दोघींची बरीच बोलाचाली झाली. शेवटी आई वैतागून म्हणाली, "जा, विचार तुझ्या त्या मास्तरांना. ते हो म्हणाले तर मी नाही अडवायची."

वहिनीचा चेहरा खुलला. मास्तर काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. मीच तिच्याबरोबर गेले.

दुपारची वेळ होती. अंगणातल्या आंब्याखाली सारवलेल्या जमिनीवर कवडसे पडले होते, आणि प्रत्येक कवडशाचा एक तुकडा कोणीतरी खाल्लेला. मुली ओरडत होत्या, काचांसाठी भांडत होत्या. मास्तर धोतराचा काचा मारून मधोमध उभे. काकू पडवीत पाण्याच्या भांड्यांवर तुळशीची पानं ठेवत होती. तिचा नेम ती सोडत नसे. वहिनी फाटकाशीच थांबली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मास्तर, मी येऊ ना आत? सासूबाईंनी तुमच्यावर सोपवलंय."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या पोटाकडे. हातातली काच त्यांनी खाली घेतली.

"आज... नको," ते म्हणाले. "घरातच बरं. उगाच कशाला."

वहिनीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "म्हणजे?"

"म्हणजे, काही होत नाही तसं. पण वेळ काही सांगून येत नाही. तुम्ही घरी जा, वहिनी."

दुर्गाताई आंब्याखाली सर्वांत धाकट्या मुलीच्या डोळ्यावर काच धरून उभी होती. ती काच तिनं त्या मुलीच्या हातात दिली आणि वडिलांसमोर येऊन उभी राहिली. त्यांच्यासारखाच तळवा पुढे केला.

"पुरावा, अण्णा?"

मास्तरांनी हातातली काच उलटीसुलटी केली.

"सत्तावीस वर्षं मला सांगताय, दुर्गे, तुझ्या ओठाचा आणि ग्रहणाचा काडीइतका संबंध नाही. सभेत उभं करताय. आणि मनात हे होतं?"

"दुर्गे, अगो, दुसऱ्याच्या घरची सून..."

"म्हणजे होतंच."

तेव्हा काकू पायऱ्या उतरून खाली आली. तिला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशीही ती मोठ्यानं बोलली नाही.

"पुरावा ह्यांच्याकडे नाही. माझ्याकडे आहे. ते खग्रास मी पाहिलंय. ह्यांनी नाही."

"यमुने!" मास्तर म्हणाले.

"असू दे. आता पोरीसमोर झालंच आहे तर सगळंच होऊ दे." ती वहिनीकडे वळली. "ह्यांना साहेबानं घड्याळापुढे बसवलं होतं, सूर्याकडे पाठ करून. सेकंद मोठ्यानं म्हणायचे. मान वळवायची नाही असं बजावलेलं. ह्यांनी नाही वळवली. मागे सगळं आभाळ उघडलं आणि हे बसले काटा बघत. आणि मला सासूबाईंनी माजघरात घातलेलं. अंधार झाला, तशी गाय हंबरायला लागली, दावं तोडते की काय असं. बाकी सगळे जपाला बसलेले, कोणी हलेना. मी मागच्या दारानं गोठ्यात गेले. आणि वर बघितलं."

तिनं पदराला हात पुसले. "तवा आणि तांदळाची पिठी, ते माझं आहे. रात्री ह्यांना सांगितलं. लोक ह्यांना विचारायला लागले, काय पाहिलंत, काय पाहिलंत. हे म्हणाले, मी पाहिलं असंच सांगतो, तुझं नाव नको, तू अवघडलेली. मला ते खरंच बरं वाटलं. मग दुर्गी झाली. मग तर बोलायची सोयच उरली नाही."

मास्तर खाली बघत होते. मला त्यांच्या कानावरचा खडू दिसत होता, आणि त्याच्याखाली कान लाल झालेला.

"आता सांगा आळीभर," काकू आम्हा मुलींना म्हणाली. "लिमयांची बायको ग्रहणात बाहेर गेली म्हणून पोरगी अशी झाली. खुशाल सांगा. आणि माझी जाऊ त्याच माजघरात माझ्याशेजारी बसली होती, तीही पोटुशी, जागची हलली नाही. तिचं मूल जन्मून तीन दिवस जगलं. तेही सांगा." मग ती नवऱ्याकडे वळली. "चंद्र जायचा तो जाऊ दे सावकाश. तुमची भीती कधी जायची, तेवढं एकदा मला सांगा."

तिनं वहिनीचा हात धरून तिला आत आणलं. दुर्गाताईनं आपल्या हातानं तिच्या डोळ्यांसमोर काच धरली. वहिनीनं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मास्तर त्या तुकडे पडलेल्या कवडशांत उभे होते. त्यांनी त्या दिवशी काच डोळ्याला लावलीच नाही.

अशी गोष्ट आळीत राहत नाही. संध्याकाळी तिळगूळ वाटताना ती बाजारापर्यंत गेली होती. काही लोक म्हणाले, बघा, ग्रहणानंच झालं. काही म्हणाले, मास्तर थापाड्या निघाला. शाल पांघरलेले वकील भेटेल त्याला दोन्ही सांगत. आईनं वहिनीशी बोलणं सोडलं, मग काळजीनं पुन्हा धरलं, आणि रोज देवीला साकडं घालू लागली. मास्तरांची व्याख्यानं बंद झाली. वर्गात ग्रहणाचा धडा आला, तेव्हा त्यांनी फळ्याकडे तोंड करून सांगितलं, "हा घरी वाचा." त्यांच्या तोंडून पुरावा हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही. शाळेत जाताना ते आमच्या घरावरून न जाता मागच्या पाणंदीनं, चिऱ्यांच्या गडग्याच्या कडेनं जाऊ लागले. वहिनी एकदा खिडकीतून बघून म्हणाली, "माझ्या पोटाला भितात बिचारे." ती हसली, पण रात्री तिला झोप लागत नसे हे मला माहीत होतं.

दुर्गाताई वडिलांना वेळेवर जेवायला वाढायची, धोतरं धुवायची, आणि बोलायची नाही.

वैशाखात वहिनीला मुलगी झाली. तीच तुमची सुमनआत्या. बाराव्या दिवशी बारशाला काकू आणि दुर्गाताई आल्या, आणि त्यांच्या मागून, कोणाला अपेक्षा नसताना, मास्तर. बायकांच्या घोळक्यात पुरुष सहसा येत नाहीत. त्यांना वाट करून दिली गेली. ते पाळण्याजवळ आले, चष्मा पुसला, वाकले. बाळाचे डोळे, नाक, जावळ, काही त्यांनी पाहिलं नाही. ते फक्त तिचं तोंड बघत होते. ती जांभई देईपर्यंत थांबले आणि जांभईच्या वेळी आत टाळूसुद्धा पाहिली.

एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, हे आमच्यापैकी कोणाहीपेक्षा त्यांना जास्त कळत होतं. तरी ते बघायला आले होते. त्यांनी मान वर केली तेव्हा खोलीतल्या सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या.

"आहे ना अख्खा?" दुर्गाताई म्हणाली. चार महिन्यांतलं वडिलांशी तिचं पहिलं वाक्य.

"दुर्गे..."

"नीट बघून घ्या. माझा तर बघून झालाय."

त्यांनी हात जोडले. पाळण्याला, वहिनीला की मुलीला, ते समजलं नाही. कोणीतरी त्यांच्या हातात घुगऱ्यांचा द्रोण दिला. तो तसाच धरून ते जिना उतरून गेले.

त्यानंतर मी मुंबईला कॉलेजात गेले, पुढे लग्न झालं. मास्तर सेवेतून निवृत्त झाले. काकू वारली. दुर्गाताई मुलींच्या शाळेत शिकवू लागली, आणि ऐकलं की भूगोलाच्या तासाला आपल्या ओठाबद्दल मुलींना पहिल्याच दिवशी सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणाला चोरून बघायला नको.

मास्तर मला शेवटचे दिसले ते तेहतीस सालच्या श्रावणात. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. पोटात तुमचा बाबा होता. अवसेला सकाळी पुन्हा सूर्यग्रहण होतं. उत्तरेकडे कुठे कुठे कंकण दिसणार होतं, आमच्याकडे थोडंसं. पण आमच्याकडे श्रावणातलं आभाळ. पाऊस थांबून थांबून पडत होता आणि सूर्य कुठे आहे हेही सांगता येत नव्हतं. तरी मी समोर गेले. आईनं या वेळी काही म्हटलं नाही.

मास्तर पडवीत आरामखुर्चीत बसले होते. फार थकले होते. मला बघून उठू लागले आणि त्यांची नजर माझ्या पोटावर गेली. ती तिथून हलेना.

"ग्रहण बघायला आलीस?"

"हो. पण दिसणार नाही बहुतेक."

"नाही दिसणार." ते पुन्हा खुर्चीत टेकले. आत दुर्गाताई शाळेला निघायची तयारी करत होती. तिची भांड्यांची आदळआपट थांबल्याचं मला जाणवलं. "कुसुम, तुला भीती नाही वाटत?"

"नाही."

"मला वाटते गो," ते म्हणाले. "सगळं माहीत आहे. चंद्र कसा जातो, सावली कुठे पडते, सगळं. तरी वाटते. तेव्हाही वाटायची. दुर्गीचा ओठ पहिल्यांदा बघितला, तेव्हाच मनात आलं, ही बाहेर का गेली. त्यानंतर सगळा जन्म ते खोडून काढण्यात गेला."

हे ते मला सांगत नव्हते. दाराशी दुर्गाताई उभी होती, हातात छत्री. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण आवाजही खाली आणला नाही.

मग ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. "चल. ढग तर ढग. आपण बाहेर उभं राहू."

पहिल्या पायरीवर ते थांबले, आणि मला वाटलं आता परत फिरतील.

"चपला घाला, अण्णा," दुर्गाताई म्हणाली. "चिखल आहे." तिनं छत्री उघडली, ती त्यांच्या डोक्यावर धरली, आणि आम्ही तिघं अंगणात उतरलो.